लोभ असावा : ‘तुंबाड’ पुन्हा बघताना

१३ सप्टेंबर २०२४ ला ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरमध्ये लागला. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो पहिल्यांदा आला, तेव्हा फार लोकांनी तो थिएटरात जाऊन पाहिला नव्हता. नंतर मोबाइलवर, लॅपटॉपवर, हॉस्टेलच्या एका खोलीत पाच-सहा जणांनी दाटीवाटीने बसून, असा तो पसरला. सहा वर्षांनी पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. असं भाग्य फार थोड्या सिनेमांच्या वाट्याला येतं.

त्या दिवसांत माझ्या फीडवर ‘तुंबाड’च्या रील्सचा पाऊस पडत होता, आणि बहुतेक रील्स एकाच तात्पर्यावर येऊन थांबत होत्या: लोभाचं फळ वाईट. हे तात्पर्य चुकीचं नाही, पण त्याने काही कळतही नाही. लोभाचं फळ वाईट असतं हे आपल्याला चौथीच्या पुस्तकातल्या कोंबडी आणि सोन्याच्या अंड्यापासून माहीत आहे. तेवढंच सांगायचं असतं तर राही अनिल बर्वे यांना इतकी वर्षं, इतके पावसाळे खर्च करायची गरज नव्हती. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, पुढे बरंचसं पुन्हा केलं गेलं, आणि पडद्यावर दिसणारा पाऊस खऱ्या पावसाळ्यांची वाट पाहून टिपलेला आहे.

माझं म्हणणं असं आहे की ‘तुंबाड’ लोभाच्या शिक्षेबद्दल कमी आणि लोभात मिळणाऱ्या सुखाबद्दल जास्त बोलतो. लोभी माणूस दुःखी असतो, हे सोपं उत्तर तो देत नाही. लोभी माणूस नेमका कधी सुखी असतो, हे तो दाखवतो. ते जास्त भीतीदायक आहे.

पुढे सगळी गोष्ट, शेवटासकट, सांगणार आहे. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून या.

गोष्ट थोडक्यात

समृद्धीची देवी आणि तिचा पहिला, सगळ्यात लाडका मुलगा हस्तर. देवीकडे अमर्याद सोनं आहे आणि अमर्याद धान्य आहे. हस्तरला दोन्ही हवं. सोनं त्याने मिळवलं. धान्याला हात घालणार तेवढ्यात बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. देवीने त्याला वाचवलं आणि परत आपल्या गर्भात घेतलं, एका अटीवर: त्याची पूजा कुणी कधी करायची नाही. ही दंतकथा कुठल्याही पुराणात सापडणार नाही, ती सिनेमाने रचलेली आहे. तुंबाडच्या एका घराण्याने हस्तरचं देऊळ बांधलं, देव कोपले आणि गावात न थांबणारा पाऊस सुरू झाला.

१९१८ मध्ये विनायक लहान आहे. त्याची आई वाड्यातल्या म्हाताऱ्या सरकारांची सेवा करते, एका सोन्याच्या नाण्याच्या आशेवर. घरात साखळदंडाने बांधलेली, शापामुळे मरण न येणारी एक म्हातारी आहे. हस्तरचं नाव घेतलं की ती झोपते. विनायकचा धाकटा भाऊ मरतो, आई विनायकला घेऊन पुण्याला जाते आणि पुन्हा तुंबाडला न येण्याचं वचन त्याच्याकडून घेते. पंधरा वर्षांनी तो परत येतोच. म्हातारीच्या अंगातून आता झाड उगवलेलं आहे. तिला या जगण्यातून सोडवायच्या बदल्यात तो खजिन्याचं गुपित मिळवतो.

गुपित असं: वाड्यातल्या विहिरीतून देवीच्या गर्भात उतरता येतं. तिथे पिठाचं रिंगण आखायचं, कणकेची बाहुली पुढे करायची. भुकेला हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून पडतील तेवढी नाणी उचलायची आणि दोरावरून वर यायचं. हस्तरचा स्पर्श झाला तर म्हातारीचं झालं तेच आपलं. १९४७ पर्यंत विनायकचं हे चालू राहतं. मग तो हे काम आपल्या मुलाला, पांडुरंगला, शिकवायला घेतो.

गोष्टीचं मूळ बीज नारायण धारपांच्या कथेतलं, आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आलेलं, त्या कादंबरीशी कथानकाचा संबंध नाही. सिनेमा हिंदीत असला तरी त्याची हाडं मराठी आहेत. वाड्याच्या जागी दिसतो तो सासवडचा पुरंदरे वाडा.

विनायक कधी हसतो?

दुसऱ्यांदा बघताना मी एकच गोष्ट लक्ष देऊन पाहिली: विनायकच्या चेहऱ्यावर समाधान कधी येतं. सोहम शाहने हा माणूस फार कमी शब्दांत उभा केलाय, त्यामुळे चेहरा वाचावा लागतो.

पैसे खर्च करताना ते येत नाही. पुण्यात त्याचा संसार आहे, दारू आहे, बाहेरख्यालीपणा आहे, समाजात पत आहे. यातल्या एकाही जागी तो रमलेला दिसत नाही. बायकोशी त्याचं बोलणं तुटक, घरात तो पाहुण्यासारखा. नाणी विकून आलेल्या पैशाचं काय करायचं याची त्याला नीटशी कल्पनाही नसावी असं वाटत राहतं.

समाधान दिसतं ते त्या फेरीत. कंदील, दोर, पिठाचं रिंगण, बाहुली, झडप, नाणी, पुन्हा दोर. पंकज कुमार यांचा कॅमेरा देवीचा गर्भ लाल, ओलसर, धडधडणाऱ्या मांसासारखा दाखवतो. त्या किळसवाण्या जागेत विनायकचे हात मात्र अतिशय शांतपणे चालतात. त्याला प्रत्येक पायरी माहीत आहे. कुठे घाई करायची, कुठे नाही, किती नाण्यांनंतर थांबायचं, हे त्याच्या अंगात भिनलेलं आहे. तो तिथे ज्या एकाग्रतेने वागतो, तशी एकाग्रता त्याच्या बाकीच्या आयुष्यात कुठेच नाही.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर ही एक उत्तम बांधलेली प्रणाली आहे. धोका कुठे आहे ते माहीत, संरक्षण काय ते माहीत, आणि प्रत्येक फेरीत किती मिळणार यावर मर्यादा घातलेली. अवघड काम नीट जमण्याचा आनंद किती खरा असतो, हे रात्री दोन वाजता बग सापडलेल्या कुणालाही विचारा. विनायकला मिळणारं सुख हेच आहे. ते खोटं नाही. म्हणूनच ते सोडवत नाही.

मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज हे मेंदूशास्त्रज्ञ गेली काही दशकं एक फरक मांडत आले आहेत: एखादी गोष्ट हवीशी वाटणं वेगळं आणि ती मिळाल्यावर आवडणं वेगळं. मेंदूत या दोन्हींच्या यंत्रणा पूर्ण एक नाहीत. ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळपास संपवलेलं होतं, ते अन्नाकडे जात नसत. पण जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं की मिटक्या मारत. म्हणजे आवड शिल्लक होती, ओढ गेली होती. उलटंही घडतं. ओढ वाढत राहते आणि आवड तेवढीच राहते, किंवा आटते. विनायक त्या उलट्या बाजूचा माणूस आहे.

आणि हस्तर त्याहून पुढचा. ही त्या दंतकथेतली सगळ्यात हुशार गोष्ट. हस्तरकडे जगातलं सगळं सोनं आहे आणि तो त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला हवी आहे कणीक. त्याच्या कमरेचं सोनं ज्याला हवंय तो माणूस कणीक घेऊन येतो, जी त्या माणसाच्या घरी डबाभर पडलेली असते. दोघंही आपल्याकडे जे भरपूर आहे त्याबद्दल आंधळे आहेत.

टॉलस्टॉयचा शेतकरी आणि आपण

लोभाच्या गोष्टींमध्ये टॉलस्टॉयची १८८६ ची ‘माणसाला किती जमीन लागते?’ ही कथा बहुतेकांना कुठल्या ना कुठल्या रूपात माहीत असते. पाहोम नावाचा शेतकरी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालून जेवढी जमीन वेढेल तेवढी हजार रूबलमध्ये त्याची. तो धावतो, पोचतो आणि कोसळून मरतो.

शेवट सगळ्यांच्या लक्षात राहतो, मला सुरुवातीचा एक तुकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. पाहोम पहिल्यांदा स्वतःची थोडी जमीन घेतो तेव्हा तो खरोखर सुखी होतो. त्या जमिनीतलं गवतसुद्धा त्याला वेगळं दिसतं. टॉलस्टॉय हे सुख नाकारत नाही. पण त्या गवताकडे बघायची सवय होते, मग शेजाऱ्याची गुरं आपल्या रानात शिरलेली दिसू लागतात, मग ऐकू येतं की दूर कुठेतरी जास्त चांगली जमीन आहे.

तरीही टॉलस्टॉयचा प्रश्न ‘किती?’ असा आहे. प्रश्न तसा विचारला की उत्तर आकड्यात येतं: कबरीपुरती, सहा-सात फूट. ‘तुंबाड’चा प्रश्न ‘किती?’ नाही. विनायक दर वेळी मूठभर नाणीच आणतो. मोजमापाने पाहिलं तर तो संयमी माणूस आहे! त्याचा लोभ ढिगात नाही, फेऱ्यांत आहे.

हे आपल्या पिढीला जवळचं आहे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत शेअर बाजारात एफ अँड ओ करणाऱ्या एक कोटीहून अधिक सामान्य ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते, सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये. मला या आकड्यांपेक्षा पुढचा आकडा हलवून गेला. सलग वर्षं तोटा होऊनही तोट्यात गेलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोक ट्रेडिंग करतच राहिले.

फक्त पैसा हवा असता तर ते थांबले असते. हिंजवडीतल्या कँटीनमध्ये एक्स्पायरीच्या दिवशी जेवायला बसा, म्हणजे काय हवंय ते दिसेल. ताटातली पोळी तशीच, एका हातात फोन. एकदा मी टीममधल्या एका मित्राला विचारलं, वर्षभरात एकूण किती सुटले? तो त्यावर काही बोलला नाही. पण त्या दिवशीची एंट्री कुठे घेतली, एक्झिट कशी मारली, हे त्याने वीस मिनिटं समजावून सांगितलं. सांगताना तो खूश होता. विनायकने दोरावरून वर येतानाचं वर्णन केलं असतं तर ते असंच झालं असतं.

मग या सुखात वाईट काय? ताटातली ती पोळी. १९७८ मध्ये ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या २२ जणांचा अभ्यास केला. नमुना फार लहान, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे: हे लोक इतरांपेक्षा फारसे जास्त सुखी नव्हते, आणि मित्राशी गप्पा, नाश्ता, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतून त्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी होता. लोभ आपलं सुख सरसकट हिरावून घेत नाही. तो ते सगळीकडून गोळा करून एका जागी नेऊन ठेवतो. विनायकचं घर बेचव झालेलं आहे, कारण सगळी चव विहिरीत आहे.

मराठीतला लोभ

सिनेमा हिंदी असल्याने त्यात शब्द येतो ‘लालच’. त्याला मराठीत ‘हाव’ म्हणता येईल. पण आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, तो या गोष्टीला जास्त चपखल बसतो: लोभ. षड्रिपूंच्या यादीत तो तिसरा, काम-क्रोधानंतरचा. आणि तोच शब्द जुन्या पत्रांच्या शेवटी यायचा: लोभ असावा, ही विनंती. तिथे लोभ म्हणजे माया. ‘हाव असावी’ असं कुणी कुणाला लिहिलं नसतं.

एकाच शब्दात शत्रू आणि माया कशी बसली, हे मला ‘तुंबाड’चा शेवटचा भाग बघताना कळलं.

१९४७ मध्ये विनायक पांडुरंगला शिकवायला घेतो. दोरावर चढायचं कसं, हात किती चपळ हवा, घाबरायचं नाही. मुलाच्या पायात दोष आहे, तरी बाप सोडत नाही. संपूर्ण सिनेमात बाप-मुलातली, किंबहुना कुठल्याही दोन माणसांतली, खरी जवळीक इथेच दिसते. विनायककडे द्यायला तेवढंच आहे. त्याला एकच गोष्ट उत्तम येते आणि ती तो मुलाला देतोय. आपल्या आजूबाजूच्या किती बापांनी मुलांना प्रेम म्हणून फक्त स्पर्धा शिकवली! त्यांना दुसरी भाषा येत नव्हती.

मग स्वातंत्र्य येतं, तुंबाडचा वाडा सरकारच्या ताब्यात जाणार असं कळतं, विनायक खचतो. पैसा संपणार म्हणून? पैसा बऱ्यापैकी आहे. त्याची विहीर जाणार म्हणून. तेव्हा तोडगा मुलगा काढतो: मूठभर नाणी कशाला, हस्तरचा अख्खा लंगोटच काढून आणू, बाहुल्या जास्त नेऊ. बापाची मर्यादा मुलगा मोडतो. आमच्या धंद्यात याला स्केल करणं म्हणतात, आणि जे होतं तेही ओळखीचं आहे: जेवढ्या बाहुल्या, तेवढे हस्तर.

सुटकेचा मार्ग उरत नाही तेव्हा विनायक सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधतो आणि दोरावर चढतो. सगळे हस्तर त्याच्यामागे जातात, मुलगा वाचतो. शापित, विद्रूप झालेला विनायक वर मुलासमोर येतो आणि लंगोट पुढे करतो. त्या एका हातात दोन्ही लोभ आहेत. मुलासाठी जीव दिलाय तोही तोच हात, आणि मुलाला विहिरीत ओढणाराही तोच. पांडुरंग तो घेत नाही. रडत रडत बापाला पेटवून देतो.

रील्समध्ये या प्रसंगाखाली ‘मुलाने सोनं नाकारलं’ असं लिहिलेलं असतं. सोनं नाकारणं त्या क्षणी सोपं होतं, त्याने हस्तर पाहिलेला आहे. त्याने नाकारलं ते बापाचं देणं, बापाने दिलेलं एकमेव प्रेम. अवघड ते होतं. आणि आणखी एक गंमत: पांडुरंगची आणि शापित म्हातारीची, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत. ज्याच्यापासून शाप आपल्याला पहिल्यांदा दिसतो आणि जिथे तो संपतो, तो चेहरा एकच.

जिथे सिनेमा कमी पडतो

मला ‘तुंबाड’ आवडतो म्हणून त्याच्या दोन गोष्टी खटकतात, त्याही सांगतो.

एक, सुरुवातीलाच पडद्यावर येणारा गांधीजींच्या नावावरचा गरज आणि लोभाबद्दलचा विचार. त्यामुळे प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून तात्पर्य हातात धरून बसतो. पुढचा सिनेमा त्या तात्पर्यापेक्षा खोल आहे, पण त्याच्याविषयीची बरीच चर्चा त्या पहिल्या पाटीपाशीच अडकून राहिली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. गरज आणि लोभ यांच्यामध्ये रेघ कुठे आहे, हे ती पाटी विचारते; पण विनायकच्या आईकडे सिनेमा पुरेसं बघत नाही. ती वर्षानुवर्षं वाड्यात राबते, म्हाताऱ्या सरकारांना स्वतःचं शरीर देते, म्हातारीला भरवते, एक मुलगा गमावते. एका नाण्यासाठी. ते नाणं लोभात मोडतं? मला तर ती थकलेली मजुरी वाटते. ज्या घराण्याने देऊळ बांधून हस्तर पुजला त्यांचा लोभ आणि या बाईची आशा एकाच पावसात भिजवल्यावर मोठ्याचा गुन्हा आपोआप लहान होतो. पुढच्या भागात तर विनायकची बायको आणि दुसरी बाई या जवळजवळ घरातल्या वस्तूंसारख्या येतात-जातात. त्यांना काय हवं होतं, हे कळतच नाही.

हा प्रश्न आपल्यालाही रोज लागू आहे. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेला पोरगा तीस टक्के हाइकसाठी नोकरी बदलतो, तेव्हा त्याला ‘आजकालची पिढी पैशाच्या मागे’ हे ऐकवणारे बहुतेक जण स्वतःच्या मालकीच्या घरात बसलेले असतात. लोभी कोण, हे ठरवायचा अधिकार नेहमी वाड्यातल्यांकडे का असतो? विनायकचा लोभ आकाशातून पडलेला नाही. आईला न मिळालेल्या मोबदल्यातून तो सुरू झाला. सिनेमा हे दाखवतो, पण त्यावर थांबत नाही.

तरीही या सिनेमाने मला लोभ ओळखायची एक साधी खूण दिली. किती मिळवलं, यावरून तो ओळखता येत नाही. कर्ज फेडायला धडपडणारा आणि वीस फ्लॅट घेणारा यांचे आकडे वेगळे असतात, पण बाहेरून दोघंही धावतानाच दिसतात. विचारायचं ते हे: धावणं थांबलं की आजूबाजूला अजून कशाला चव आहे का? मित्राच्या फालतू विनोदाला, आईच्या फोनला, ताटातल्या गरम पोळीला? असेल तर धावा, पैसे कमवा, त्यात काही पाप नाही. नसेल, तर एकूण किती सुटले हा प्रश्न गौण आहे.

शेवटी पांडुरंग एकटा वाड्याबाहेर पडतो. तो पुढे सुखी झाला का, हे सिनेमा सांगत नाही, आणि ते बरं केलं. त्याच्याकडे आता सोनं नाही, बाप नाही, आणि बापाने शिकवलेली कला वापरायला विहीरही नाही. बाकी सगळं त्याला पहिल्यापासून शिकावं लागणार आहे.